विषाणूंचे संसर्ग, रोगप्रतिकारशक्ती आणि मेंदूचे दीर्घकालीन आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषाणूच्या संसर्गामुळे पुढे म्हातारपणी मेंदूवर परिणाम होतो, हे आता सिद्ध झाले आहे का?

याचे एकच सरसकट उत्तर देता येत नाही, कारण प्रत्येक विषाणूबाबत पुराव्याचे वजन वेगळे आहे. गोवराचा विषाणू काही मुलांच्या मेंदूत दडून राहतो आणि काही वर्षांनी मेंदूचा जीवघेणा आजार निर्माण करतो, याबद्दल आज कोणालाही शंका नाही. एप्स्टाइन-बार हा जवळजवळ सगळ्यांना होऊन जाणारा विषाणू आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते तो आजार, यांचा संबंध 2022 पासून फार भक्कम पायावर उभा आहे. नागिणीची लस आणि स्मृतिभ्रंश यांच्याबाबतचा पुरावा 2025 मध्ये अचानक वजनदार झाला. नागीण विषाणूच्याच कुळातील हर्पीस सिम्प्लेक्स आणि अल्झायमर यांचा वाद मात्र तीस वर्षांहून अधिक काळ चालू असून अजून मिटलेला नाही. वर्तमानपत्रांतील मथळे या चारही गोष्टी एकाच सुरात सांगतात आणि तिथेच वाचकाची दिशाभूल होते. म्हणून पुढील उत्तरांत प्रत्येक विषाणूचा स्वतंत्र विचार केला आहे.

दोन गोष्टी एकत्र आढळतात, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण आहे असे का म्हणता येत नाही?

अमेरिकेतील संशोधकांनी 2023 मध्ये फिनलंडमधील लाखो लोकांच्या आरोग्यनोंदी तपासल्या, तेव्हा रुग्णालयात न्यावे लागलेले विषाणूसंसर्ग आणि नंतर जडलेले मेंदूच्या ऱ्हासाचे आजार यांच्या 45 जोड्या सापडल्या. त्यांपैकी 22 जोड्या ब्रिटनच्या नोंदींमध्येही दिसल्या. हे काम मोलाचेच आहे, पण त्यात एक मोठी अडचण राहते. स्मृतिभ्रंशाची सुरुवात निदानाच्या कितीतरी वर्षे आधी झालेली असते. या काळात माणसाचे खाणे-पिणे, स्वच्छता आणि औषधांची नियमितता हळूहळू ढासळत जाते, आणि अशा माणसाला न्यूमोनियासारखे संसर्ग सहज गाठतात. म्हणजे संसर्गाने मेंदू बिघडला की आधीच बिघडू लागलेल्या मेंदूमुळे संसर्ग झाला, हे केवळ नोंदी पाहून ठरत नाही. लसींच्या बाबतीत हाच घोळ उलट बाजूने होतो, कारण आपणहून लस घेणारी माणसे बहुधा अधिक शिकलेली, तब्येतीची काळजी घेणारी आणि डॉक्टरांकडे वेळच्या वेळी जाणारी असतात. त्यांना स्मृतिभ्रंश कमी झाला, तर त्याचे श्रेय लसीला द्यायचे की त्यांच्या राहणीला, हा प्रश्न उरतोच.

मग नागिणीच्या लसीबद्दलचे संशोधन वेगळे कसे?

ते वेगळे ठरले ते ब्रिटनच्या वेल्स या प्रांतातील एका सरकारी नियमामुळे. 1 सप्टेंबर 2013 रोजी वेल्समध्ये वृद्धांसाठी नागिणीच्या लसीचा कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी वापरलेली लस जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूची होती. तिचा पुरवठा मर्यादित होता आणि ऐंशीच्या पुढच्या वयात तिचा उपयोग कमी होतो, असा अंदाज होता. म्हणून 2 सप्टेंबर 1933 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच ती मिळेल आणि त्याआधी जन्मलेल्यांना कधीच मिळणार नाही, असे ठरले.

या नियमाचा प्रत्यक्ष परिणाम कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. एकाच गावात राहणारी, एकाच शाळेत शिकलेली, सारख्याच आजारांची आणि सारख्याच खाण्याची दोन माणसे घ्या. एकाचा जन्म ऑगस्ट 1933 च्या शेवटच्या दिवसांतला आणि दुसऱ्याचा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. पहिल्याला लस नाकारली गेली, दुसऱ्याला मिळू शकली. आठवडाभराने थोरल्या असलेल्या गटात लस घेतलेल्यांचे प्रमाण 0.01 टक्के होते, तर आठवडाभराने धाकट्या असलेल्या गटात ते 47.2 टक्के होते. जन्मतारीख कोणी स्वतः निवडत नाही. त्यामुळे या दोन गटांत शिक्षण, पैसा, सवयी आणि जुने आजार यांचा फरक असण्याचे काहीच कारण नव्हते, आणि नोंदी तपासल्यावर तो आढळलाही नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील पास्कल गेल्डसेट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2,80,000 हून अधिक वृद्धांच्या सात वर्षांच्या नोंदी या नजरेने पाहिल्या आणि निष्कर्ष एप्रिल 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. लस घेतल्यामुळे या सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे नवे निदान होण्याचे प्रमाण 3.5 टक्के बिंदूंनी (दर शंभर जणांमागे साडेतीनने), म्हणजे तुलनेने सुमारे 20 टक्क्यांनी कमी झाले. हा 20 टक्क्यांचा आकडा अंदाज आहे आणि खरा आकडा 6.5 ते 33.4 टक्के या बऱ्याच रुंद पट्ट्यात कुठेही असू शकतो, हेही सांगितले पाहिजे. परिणाम आहे, याची खात्री त्यामुळे कमी होत नाही, पण तो नेमका केवढा, हे अजून काटेकोरपणे सांगता येत नाही.

एकाच देशातील अभ्यासावर इतका विश्वास ठेवावा का?

ठेवू नये, आणि संशोधकांनीही ठेवला नाही. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर 2016 मध्ये 70 ते 79 वयोगटासाठी हीच लस मोफत देण्यात आली, तेव्हाही जन्मतारखेची अशीच रेघ ओढली गेली होती. तिथल्या दवाखान्यांच्या नोंदींमध्ये, लसीला पात्र ठरलेल्या गटात सुमारे साडेसात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे निदान 1.8 टक्के बिंदूंनी कमी आढळले. हा अभ्यासही 2025 मध्येच प्रसिद्ध झाला. दोन वेगळे देश, वेगळी आरोग्यव्यवस्था आणि वेगळ्या जन्मतारखा असूनही उत्तर एकाच दिशेचे आले, याला मी फार महत्त्व देते. माणसांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागून केलेली चाचणी मात्र स्मृतिभ्रंशासाठी अजून झालेली नाही आणि ती व्हायला हवी. लस जुनी आणि पेटंटच्या फायद्याबाहेर गेलेली असल्याने अशा चाचणीत कंपन्यांना फारसा रस नाही, म्हणून सार्वजनिक निधीनेच हे काम उचलणे योग्य ठरेल.

लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा म्हातारपणीच्या मेंदूशी संबंध तरी कसा येतो?

कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. तो मणक्यालगतच्या आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन निपचित पडून राहतो. रोगप्रतिकारशक्तीतील टी पेशी त्याला दशकानुदशके दाबून ठेवतात. पन्नाशीनंतर हा पहारा सैल पडू लागतो. मधुमेह, कर्करोगाचे उपचार, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइडची औषधे यांमुळे तो आणखी ढिला होतो, आणि मग तो विषाणू एखाद्या मज्जातंतूच्या मार्गाने बाहेर येतो. त्यालाच आपण नागीण म्हणतो. विषाणू रक्तवाहिन्यांच्या भिंतींपर्यंत पोहोचू शकतो आणि नागिणीनंतरच्या काही आठवड्यांत पक्षाघाताचा धोका वाढतो, हे माहीत आहे.

पुरळ न उठतादेखील तो विषाणू मधूनमधून जागा होत असावा आणि दर वेळी मज्जासंस्थेत थोडा दाह मागे ठेवत असावा, असा एक तर्क आहे. लस ही जागृती कमी करते, म्हणून मेंदूवरचा ताणही कमी होतो, असे या मताचे लोक मानतात.

दुसरा तर्क असा की लशीमुळे एकूण रोगप्रतिकारशक्तीलाच नवे वळण लागते आणि तिचा मेंदूला फायदा होतो, मग विषाणू कोणताही असो. या मताला आधार देणारी एक गोष्ट म्हणजे शिंग्रिक्स या नव्या नागीण-लसीत वापरलेले प्रतिकारशक्ती चेतवणारे द्रव्य. तेच द्रव्य असलेली श्वसनमार्गाच्या आरएसव्ही विषाणूवरची लस घेतलेल्यांमध्येही स्मृतिभ्रंश कमी आढळल्याचे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2025 मध्ये नोंदवले. दोन्ही तर्क एकाच वेळी खरे असू शकतात.

लसीचा फायदा स्त्रियांना अधिक झाला, असे वाचले. ते खरे आहे का?

वेल्सच्या अभ्यासात स्त्रियांमधील परिणाम पुरुषांपेक्षा स्पष्टपणे मोठा होता. स्त्रियांची लसींना मिळणारी प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया बहुधा अधिक जोरदार असते आणि नागीणही त्यांच्यात थोडी जास्त आढळते. या दोन गोष्टींपैकी कोणती किती कारणीभूत आहे, ते ठरलेले नाही. पुरुषांनी लस घेऊन उपयोग नाही, असा अर्थ यातून काढू नये, कारण नागिणीपासून संरक्षण दोघांनाही मिळते.

ही लस भारतात मिळते का आणि ती कोणी घ्यावी?

वेल्स आणि ऑस्ट्रेलियात अभ्यासलेली लस झोस्टाव्हॅक्स होती. बहुतेक ठिकाणी तिची जागा आता शिंग्रिक्स या लसीने घेतली आहे आणि भारतात 2023 पासून 50 वर्षांवरील प्रौढांसाठी शिंग्रिक्स उपलब्ध आहे. या लसीत जिवंत विषाणू नसतो, तर त्याच्या कवचावरील एक प्रथिन असते, त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने ती देता येते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा घ्याव्या लागतात. 50 वर्षांवरील लोकांच्या मूळ चाचणीत तिने नागीण रोखण्यात 97 टक्के यश दाखवले होते. दंड दुखणे, अंग मोडून येणे, एक-दोन दिवस ताप हे त्रास बऱ्याच जणांना होतात.

जुन्या लसीच्या तुलनेत या लसीनंतर स्मृतिभ्रंशाशिवाय गेलेला काळ 17 टक्क्यांनी अधिक होता, असा ऑक्सफर्डच्या टॅके आणि सहकाऱ्यांचा 2024 मधील अभ्यास आहे. तरीही माझे मत असे की ही लस घ्यायची ती नागीण आणि तिच्यानंतर महिनोन्‌महिने राहणारी आग टाळण्यासाठी. मेंदूला होणारा संभाव्य फायदा हा त्यावरचा अधिकचा लाभ समजावा, केवळ त्याच्या आशेने कर्ज काढू नये. सरकारी लसीकरण कार्यक्रमात ती नाही आणि दोन मात्रांचा खर्च निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला जड जातो. या असमानतेचे मला मनापासून वाईट वाटते, कारण वेल्समधील शेतकऱ्याला आणि शिक्षकाला जे फुकट मिळाले, ते आपल्याकडे शहरातील पैसेवाल्यांपुरतेच राहिले आहे.

घरात कोणाला नागीण झाली तर काय करावे?

पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधे या मुदतीत सुरू झाली तर पुरळ लवकर सुकते आणि वेदनेचा काळही कमी होतो. आपल्याकडे नेमके हेच तीन दिवस वाया जातात. कमरेभोवती एका बाजूने पुरळाचा पट्टा उठला की घरातील वडीलधारे आधी गेरूचा लेप लावतात, कोणा जाणत्याकडून मंत्र घालून घेतात आणि नागिणीचे तोंड व शेपूट एकमेकांना टेकले की माणूस जगत नाही, या भीतीने सगळे घर त्या पट्ट्याच्या दोन टोकांकडे डोळे लावून बसते. हा विषाणू बहुधा शरीराच्या एकाच बाजूच्या एका मज्जातंतूपुरता मर्यादित राहतो, म्हणून ती टोके सहसा मिळत नाहीत. लेपाने बरे वाटल्याचे श्रेयही आपोआप सुकणाऱ्या पुरळाला जायला हवे. पुरळ कपाळावर, डोळ्याच्या आसपास किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, कारण दृष्टी जाण्याचा धोका असतो. पुरळासोबत बोलण्यात गोंधळ, तीव्र डोकेदुखी किंवा अंगाच्या एका बाजूला अशक्तपणा आला तर रुग्णालय गाठावे.

एप्स्टाइन-बार विषाणूमुळे मल्टिपल स्क्लेरोसिस होतो का?

उपलब्ध पुरावा तसेच सांगतो. हार्वर्डमधील अल्बेर्तो अशेरिओ यांच्या गटाने अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक तरुणांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांचा उपयोग केला. सेवेत असताना 955 जणांना मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले होते. आधी संसर्ग नसलेल्या तरुणांना एप्स्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर या आजाराचा धोका 32 पटींनी वाढला, तर इतर कोणत्याही विषाणूनंतर असे काही दिसले नाही. मज्जापेशींना इजा झाल्याचे रक्तातील लक्षणही लागणीनंतरच वाढले, त्यामुळे ‘आजारामुळे संसर्ग’ ही शंका इथे टिकत नाही. हे निष्कर्ष 2022 मध्ये आले आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने दाखवले की या विषाणूतील एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतील एका प्रथिनासारखा दिसतो, आणि विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चुकून मेंदूवरच चाल करून जातात.

जगातील सुमारे 95 टक्के प्रौढांना हा विषाणू होऊन गेलेला असतो आणि त्यांतील फारच थोड्यांना हा आजार होतो. तेव्हा विषाणू बहुधा आवश्यक आहे पण पुरेसा नाही. आनुवंशिकता, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान यांचाही वाटा आहे.

ओठांच्या कडेला वारंवार येणाऱ्या पुरळामुळे अल्झायमर होतो, ही भीती खरी आहे का?

हा विचार मँचेस्टरच्या रूथ इट्झाकी यांनी 1990 च्या दशकात मांडला, तेव्हा त्यांना फार उपेक्षा सहन करावी लागली. ओठांवर हे पुरळ आणणाऱ्या हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचा डीएनए त्यांना वृद्धांच्या मेंदूत सापडला, आणि ज्यांच्यात एपीओई-4 हा जनुकाचा प्रकार असतो त्यांच्यात तो विषाणू धोका वाढवतो, असे त्यांनी म्हटले. पुढे हार्वर्डच्या रॉबर्ट मॉइर आणि रुडॉल्फ टान्झी यांनी असे दाखवले की अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन मुळात मेंदूचे जंतूविरोधी शस्त्र असावे.

मग विषाणूविरोधी औषधाने आजार थांबतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत 120 रुग्णांवर चाचणी झाली. सुरुवातीच्या टप्प्यातील अल्झायमर आणि हर्पीसची प्रतिपिंडे असलेल्या या रुग्णांना 78 आठवडे व्हॅलासायक्लोव्हिर किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. 2025 मध्ये निकाल आला तो निराशाजनक होता: औषधाचा काही फायदा झाला नाही. आजार सुरू होण्याच्या कितीतरी आधी औषध दिले तर काय होईल, हा प्रश्न या चाचणीने सुटत नाही. पण आज स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना स्वतःच्या मनाने ही गोळी देणे चूक आहे, एवढे ती निश्चित सांगते. ओठांवरच्या पुरळाने कोणी घाबरून जाऊ नये. हा विषाणू जगातील निम्म्याहून अधिक लोकांच्या शरीरात आहे.

कोविडनंतर जाणवणारा विसरभोळेपणा कायमचा राहतो का?

बहुतेकांमध्ये तो काळाबरोबर कमी होतो, पण तो मनाचा खेळ होता असे म्हणणे अन्यायाचे आहे. ब्रिटनमधील 785 जणांच्या मेंदूची छायाचित्रे कोविडच्या आधी आणि नंतर उपलब्ध होती. त्यांपैकी 401 जणांना मधल्या काळात लागण झाली होती आणि बहुसंख्यांचा आजार सौम्य होता. लागण झालेल्यांमध्ये वासाशी संबंधित भागांत करड्या द्रव्याची झीज थोडी अधिक आढळली. इंग्लंडमध्ये सुमारे 1,13,000 लोकांच्या आकलनचाचण्यांवर आधारित 2024 च्या अभ्यासात, पूर्ण बरे झालेल्यांमध्ये लागण न झालेल्यांच्या मानाने सुमारे 3 बुद्ध्यंक गुणांइतकी, लक्षणे रेंगाळलेल्यांमध्ये 6 आणि अतिदक्षता विभागात राहिलेल्यांमध्ये 9 गुणांइतकी घट दिसली. 2020 सालच्या पहिल्या लाटांतील रुग्णांमध्ये ती अधिक होती.

विषाणू स्वतः मेंदूत शिरण्यापेक्षा फुप्फुसातील संसर्गाने उठलेला दाह मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींना चेतवतो, हे अमेरिकेतील संशोधक मिशेल मोंजे आणि अकिको इवासाकी यांच्या प्रयोगांनी दाखवले आहे. यातून वीस वर्षांनी स्मृतिभ्रंश वाढेल का, हे सांगण्याइतका काळच अजून गेलेला नाही. जो कोणी आजच तसा आकडा सांगतो, त्यावर विश्वास ठेवू नये.

गोवर तर मुलांचा साधा आजार, त्याचा इथे काय संबंध?

गोवर साधा नाही, आणि या सगळ्या पानावर मला सर्वांत कळकळीने सांगायची गोष्ट हीच आहे. गोवरातून बऱ्या झालेल्या काही मुलांमध्ये, विशेषतः दोन वर्षांच्या आत लागण झालेल्यांमध्ये, विषाणू मेंदूत राहतो आणि साधारण सहा ते दहा वर्षांनी एसएसपीई नावाचा आजार सुरू होतो. आधी अभ्यासात मागे पडणे, चिडचिड, हातातील वस्तू पडणे. मग अंगाला ठरावीक अंतराने येणारे झटके. पुढे बोलणे आणि चालणे बंद. त्यावर खात्रीचा उपचार नाही आणि शेवट बहुधा मृत्यूच असतो. भारतात हा आजार प्रगत देशांपेक्षा जास्त दिसतो.

शिवाय गोवर रोगप्रतिकारशक्तीची स्मृतीच पुसतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या 2019 च्या अभ्यासात, गोवरानंतर आधी मिळवलेल्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के नाहीशी झाल्याचे आढळले. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत गोवराने मुलांचे बळी घेतले. तेव्हा वाचलेल्या लहान मुलांवर पुढची दहा वर्षे लक्ष ठेवणे हे आरोग्ययंत्रणेचे कर्तव्य आहे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची लस सरकारी केंद्रांत मोफत मिळते.

महाराष्ट्रात मेंदूला थेट इजा करणारे विषाणू आहेत का?

आहेत. नागपूरजवळच्या चंडीपुरा गावातील रुग्णांच्या रक्तात 1965 मध्ये सापडलेल्या विषाणूला त्या गावाचेच नाव मिळाले. त्याचा शोध पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने लावला. वाळूमाशीच्या चाव्यातून तो मुख्यतः लहान मुलांना होतो आणि काही तासांत मूल बेशुद्ध पडू शकते. विदर्भात डासांमुळे पसरणारा जपानी मेंदूज्वरही आढळतो, आणि त्यातून वाचलेल्या अनेक मुलांमध्ये झटके, अपंगत्व किंवा शिकण्यातील अडचणी आयुष्यभर राहतात.

विषाणूंची रक्ततपासणी करून आपला धोका जाणून घ्यावा का?

नको. यांतील बहुतेक विषाणूंची प्रतिपिंडे प्रौढांत जवळजवळ सर्वांच्या रक्तात असतात. अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला तरी करण्यासारखे काही नसते आणि धास्ती तेवढी लागते.

प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णे आणि काढे घेतल्याने मेंदूचे रक्षण होईल का?

तसा पुरावा नाही. वर पाहिलेच आहे की मेंदूची हानी अनेकदा प्रतिकारशक्ती कमी पडल्याने होत नाही, ती भरकटल्याने किंवा दीर्घकाळ चेतलेली राहिल्याने होते. ती सरसकट ‘वाढवावी’ ही कल्पनाच इथे लागू पडत नाही.

मग स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी संसर्गाकडेच लक्ष द्यावे का?

संसर्ग हा एक पैलू आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये टाळता येण्याजोग्या 14 कारणांची नोंद केली आणि ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज दिला. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणे, दृष्टिदोष, एकटेपणा, प्रदूषित हवा आहे. संसर्ग त्या यादीत अजून नाही. भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख जण स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज आहे. त्यांतील अनेकांचा रक्तदाब वर्षानुवर्षे मोजलाच गेलेला नसतो. लसीचा विचार करावाच, पण आजोबांचे श्रवणयंत्र आणि आजींची रक्तदाबाची गोळी त्याआधी यावी.

तापाच्या आजारात घरातील वृद्ध व्यक्ती अचानक बरळू लागली, तर तो स्मृतिभ्रंश समजावा का?

लगेच समजू नये. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेला, दिवसभरात कमी-जास्त होणारा गोंधळ हा बहुधा संसर्ग, पाण्याची कमतरता, सोडियम घसरणे किंवा नव्या औषधामुळे झालेला वात (तात्पुरता भ्रम) असतो आणि मूळ कारणावर उपचार केल्यावर तो बरा होऊ शकतो. ‘वय झाले’ म्हणून वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. रुग्णालयात त्यांचा चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवावे आणि ओळखीचे एक माणूस रात्री सोबत असावे. बरे वाटल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करून घ्यावी, कारण अशा गोंधळातून गेलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते.